आडतीच्या गोदामातलं बॅडमिंटन

वयाच्या सदतिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा रॅकेट हातात धरली. तोवर आयुष्यात खेळ म्हणजे पंचमीची फुगडी, तीही लग्नाआधीची.

आमचं केजात आडत दुकान. घरामागच्या दोन खोल्यांत सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर भाड्यानं राहायला आल्या. एकट्याच. त्यांच्या सामानात दोन रॅकेटी होत्या. एका दुपारी त्या म्हणाल्या, "वहिनी, जरा समोर उभ्या राहा. भिंतीशी खेळून कंटाळले."

पिसांची पहिली दहा-बारा फुलं मी हुकवली. मग एक बरोब्बर तारांवर बसलं आणि टण्णकन त्यांच्या डोक्यावरून गेलं. काय सांगू, अंगावर काटा आला. त्या दिवशी भाकरी करतानाही उजवा हात आपोआप वर जात होता.

आम्ही रोज गल्लीत खेळू लागलो. मी पदर कमरेला खोचायची, गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी ब्लाउजात सरकवायची. समोरच्या पानटपरीवर हसं व्हायचं. सासूबाई म्हणाल्या, "दोन वर्सांत जावई येईल घरात. हे कावून सुचलं तुला?"

"मला आवडतंय म्हणून," मी म्हणाले. त्या घरात असं उत्तर मी कधी दिलं नव्हतं.

उन्हाळ्यात वारा सुटला आणि फूल शेजारच्या पत्र्यावर जाऊ लागलं. साहेब लोकांच्या क्लबात आडोशाचं कोर्ट होतं. तिथं विचारायला गेले तर कारकून म्हणाला, "बायकांला न्हाई, ताई."

"कुठं लिहिलंय?"

"लिहावं कशाला लागतंय?"

परत येताना आमचं गोदाम दिसलं. तुरीचा हंगाम संपलेला, गोदाम रिकामं, पत्रा उंच. दुसऱ्या दिवशी मी आणि सिस्टरनी झाडून चुन्याच्या रेघा मारल्या, मधे सुंभ बांधला. आठ दिवस खेळलो. नवव्या दिवशी दाराला कुलूप.

सासऱ्यांना विचारलं. ते गादीवरून उठलेसुद्धा नाहीत. "लक्ष्मीची जागा हाय ती. नाचायची न्हाई."

नवरा हळूच म्हणाला, "मला विचारू नकोस, म्हणजे मला नको म्हणावं लागणार न्हाई." त्याची मदत एवढीच.

मी बाजाराच्या दिवसाची वाट पाहिली. त्या सकाळी दुकानासमोरच्या दोन खांबांना दोरी बांधली आणि सिस्टरला हाक मारली. तेलगाव, नांदूरघाटकडून आलेले शेतकरी बैलगाड्या सोडून कडं करून उभे राहिले. मी पदर खोचला आणि पहिलं फूल मारलं. कुणीतरी ओरडलं, "मारा काकू, जोरात!" एक म्हातारी तर फूल उचलून द्यायला लागली.

अर्ध्या तासानं सासरे पायरी उतरून आले. सगळ्यांदेखत किल्ली माझ्या हातावर ठेवली. "घे बाई. आत जाऊन खेळ."

"रोज?"

"रोज. पर आत."

पुढं गल्लीतल्या तिघी आल्या, मग एक शिक्षिका. हंगामात पोती आली की पंधरा दिवस निम्मी जागा जायची. आम्ही पोत्यांची एका बाजूला थप्पी लावून घ्यायचो आणि अर्ध्या कोर्टावर खेळायचो. सिस्टरची लिंबागणेशला बदली झाली, तेव्हा दोन्ही रॅकेटी त्या मला देऊन गेल्या. त्या आठवड्यात एकही फूल मला धड मारता आलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात क्लबाचं छप्पर गळायला लागलं. एक दिवस तोच कारकून दोन साहेबांना घेऊन गोदामाच्या दारात उभा. "ताई, आमाला खेळता येईल का?"

"येईल," मी म्हणाले. "आमचं झाल्यावर."

ते पाऊण तास पोत्यांवर बसून राहिले. मी घाई केली नाही.

आता गुडघे बोलतात. डॉक्टरांनी खेळ बंद करायला सांगितलं. मी उड्या तेवढ्या बंद केल्या. उद्या सकाळी सहाला दुहेरीचा सामना आहे, आणि समोरच्या दोघी माझ्या सुनेच्या वयाच्या आहेत. त्यांना मी सोडणार नाही.