रोझालिनाचा बेडा

आमच्या वाडीत गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घालताना माणूस आधी बेडा कुठे ठेवायचा ते ठरवी. बेडा म्हणजे गडग्यातली वाट: दोन चिऱ्याचे खांब, मधे आडवे बांबू. गुरं अडायची, माणसं जायची. कुणाच्याही अंगणातून कुणीही जावं. आमची रोझालिना लग्न होऊन आली तशी रस्त्याला कधी लागलीच नाही. भाजी घेऊन मालवणच्या बाजाराला निघे ती लोकांच्या स्वयंपाकघरांमागून. कुणाची आमटी करपतेय हे घरच्या बाईआधी हिला कळे. माझी दाढी एका गालावरच झालीय, हेही जाता जाता तिनेच सांगितलं, नाहीतर मी तसाच लग्नाला निघालो होतो.

तिच्या मागच्या गडग्यापलीकडे लीला. मुलं मुंबईला, हिला दमा. दम लागला की लीला ताटावर उलथणं वाजवी आणि रोझालिना बेडा ओलांडून धावे. हाक मारायला श्वास कुठला?

मग शहर वाडीत शिरलं. प्रत्येक बंगल्याला कंपाउंड, प्रत्येकाला वेगळा डांबरी फाटा, तो त्याच्याच गेटपाशी संपणार. एक रस्ता दुसऱ्याला भेटेल तर शपथ. रोझालिनानेही मागची पट्टी विकली. वाट राहू दे, एवढं तोंडी सांगितलं. घेणाऱ्याने मान डोलावली. जमिनीबरोबर वाटही विकली जाते, हे आमच्यात कुणाच्या डोक्यातच येत नाही. त्याने भिंत घातली. बेड्याचे खांब तेवढे ठेवले, शोभेला.

गेल्या आठवड्यात भर दुपारी ताट वाजलं. रोझालिना सवयीने खांबांपाशी धावली, भिंतीला हात टेकून थबकली. मग हमरस्ता, तिठा, पलीकडचा फाटा, आणि लीलाच्या शेजारच्या भाईच्या जागेतली पायवाट. ती तिठ्यावर पोचली तोवर ताट थांबलं होतं.

लीला ओसरीवर वाकून बसलेली, ओठ निळे. हिने पंप तिच्या तोंडाला लावला. श्वास परतल्यावर लीलाने आधी टोमणा मारला, "काय गो, गोव्याक जावन इलंस?" रोझालिनाचं माहेर तिकडचं ना!

दोघी हसल्या. हसता हसता रोझालिनाला अंगणापुढे, ती आली त्याच पायवाटेला आडवी, पांढऱ्या फक्कीची रेघ दिसली. भाईने जागा विकली, लीला म्हणाली, कंपाउंड येतंय.

"आणि वाट?"

"वाट ऱ्हवतली गो. सांगलंय मी भाईक."

रोझालिना तशीच उठून भाईकडे गेली. दाराला कुलूप होतं, आणि मागे रेघेवर चिऱ्यांचा ट्रक रिकामा होत होता.