हाकेला ओ येईपर्यंत

भुताच्या सिनेमांवर भांडणाऱ्या मंडळींनो, काल मावशीला मोबाईलवर असाच एक जंगलातला दाखवला. धुकं, घुबडं, कानठळ्या बसवणारं संगीत. मी उशी घट्ट धरून बसले, मावशी हसत सुटली. "जंगल एवढं बोंबलते का वं?"

आज पहाटे तिच्यासोबत मोहफुलं वेचायला गेले. मावशी या झाडाखाली, शेजारची सुमनबाई नाल्यापलीकडे. वाघाचं रान, म्हणून दोघी अधूनमधून हाक देतात. पलीकडून 'ओ' आली की पुन्हा वेचायचं.

त्या गोड वासाने मला गुंगीच आली होती. फुलं केसांत टपटपत होती. झोपेतच वेचतेय असं वाटत होतं.

मावशीने हाक दिली. ओ आली नाही. पुन्हा दिली. तरी नाही.

मावशीचा हात टोपलीवर थांबला. काही वाजलं नाही, काही दिसलं नाही. फुलं मात्र तशीच पडत राहिली.

मग पलीकडून आवाज आला, "अवं, तोंडात खर्रा होता!"

मावशीने तिला आणि तिच्या त्या तंबाखू-सुपारीला मनसोक्त शिव्या घातल्या. मग मला म्हणाली, "पोरी, माहं लुगडं सोड आता."

मी ते कधी धरलं, मला आठवत नाही. तुम्ही कधी घाबरलात असे, मागे संगीत नसताना?