आईखालची लाल रेघ

"हर मदर क्लीन्स अवर टॉयलेट."

इंग्रजीच्या मॅडमनी हे वाक्य फळ्यावर लिहिलं आणि माझ्याकडे बोट केलं. "ये. नाउन, व्हर्ब, सगळं ओळख. तुझ्या घरचंच वाक्य आहे."

वर्ग फिदीफिदी हसला.

सातवी. गंगापूर रोडवरची भारी शाळा. मी आरटीई कायद्यातल्या फुकटच्या सीटवर. 'ए आरटीई' अशीच हाक मारायचे मला. आई त्याच शाळेत कंत्राटदाराकडून सफाईला होती. तिने पहिलीपासून बजावलं होतं, "शाळेत मला आई म्हणायचं नाय. वळख दाखवायची नाय." सहा वर्षं आम्ही तिथे परक्या होतो. कुणी पाणी सांडलं की ती माझ्या बाकाखालून पोछा मारायची. मी पाय वर घ्यायचे आणि वहीत बघत बसायचे. मॅडमना कुठून कळलं कोण जाणे. कळलं, आणि त्यांनी ते फळ्यावर टाकलं.

मी उठले. फळ्याकडे गेले. राग नाही आला. मला माझ्या आईची लाज वाटली. हे लिहितानाही जीव जळतो, पण वाटली.

आमच्या वर्गात नाउनखाली लाल रेघ, व्हर्बखाली हिरवी. आईखाली लाल मारली. संडासाखाली लाल. साफ करते, तिथे हिरवी. उरलेले शब्दही सांगितले. एकही चुकला नाही.

सगळं बरोबर ओळखणाऱ्याने पुढचं वाक्य लिहायचं, हा मॅडमनीच पाडलेला पायंडा. आदल्या दिवशी एका डॉक्टरांच्या मुलाने आपल्या नव्या गाडीवर वाक्य लिहिलं होतं. टाळ्या पडल्या होत्या. मी मार्कर धरून उभी राहिले.

मॅडमनी हात पुढे केला. "दे इकडे. तुझं झालं."

माझं डोकं फिरलं. बरोबर आलं तरी माझं झालं? "माझी पाळी आहे," मी म्हणाले आणि लिहिलं. माय मदर इज आउटसाइड. आस्क हर नेम.

मग दारात गेले आणि ओरडले, "आई!"

ती व्हरांड्यात बादली घेऊन उभी होती. घाबरून मान हलवत होती, नको, नको. मी पुन्हा हाक मारली.

मुख्याध्यापिकांनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावून माझ्यासमोर कोरा कागद ठेवला. इंग्रजीत माफी लिही, नाहीतर आईला कामावर ठेवणार नाही. आई गयावया करत होती. "लिही गं. चार अक्षरं तर हायेत. हात झिजतो का तुझा?"

मी नाही लिहिली. कागदाची घडी घातली आणि दप्तरात टाकली.

कंत्राटदाराने आईला शहराच्या दुसऱ्या टोकाला, अंबडच्या एका कंपनीत सफाईला पाठवलं. दोन बस बदलून जायची. आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. "तुझ्या ताठ्यापायी," एवढंच म्हणाली. मी बरोबर केलं, असं ती आजही म्हणत नाही. आणि मी शाळेत पुढचं सगळं वर्ष एकटीने बसून काढलं.

आता मी इंग्रजी घेऊन बीए करते. संध्याकाळी आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात पोरांना शिकवते. तीच लाल रेघ, तीच हिरवी. ज्याचं बरोबर, त्याच्या हातात मार्कर. तो कुणी काढून घेत नाही.

बीएड झालं की त्याच शाळेत अर्ज करणार आहे. आईचं नाव लिहीन. खाली आईचं काम लिहीन, संडास साफ करते, स्पष्ट. घेतील की नाही ते त्यांनी ठरवावं. मुलाखतीला तो घडी घातलेला कागद सोबत नेईन आणि टेबलावर उलगडून ठेवीन. कोराच.