पडदेवाले आणि धोबीण

संग्रहालयातल्या युरोपीय रेखाचित्रांच्या खोलीत प्रत्येक चित्रावर जाड कापडी पडदा असतो. उजेडाने जुना कागद पिवळा पडतो, म्हणून कुणी बघायला आलं की पहारेकऱ्याने पडदा उचलायचा, मनात साठपर्यंत मोजायचं आणि सोडायचा. एकवीस वर्षं हे काम करणाऱ्या गृहस्थांना सगळे पडदेवाले म्हणत. माणूस खरोखर बघत असेल तर त्यांचे साठ आकडे फार सावकाश संपत. सेल्फीवाल्यांसाठी ते विसाच्या पुढे जात नसत.

निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. गुडघे कामातून गेलेले, आणि पहारेकऱ्याला खुर्ची फक्त याच खोलीत. त्यांना एकदा तंबीही मिळाली होती: पाहुण्यांना चित्रांविषयी सांगायचं नाही, पुन्हा बोललात तर सामानघरात, दिवसभर उभ्याने छत्र्या-पिशव्या सांभाळा.

मग भिंतींना रंग दिला, आणि पाट्या परत लावताना दोन पाट्यांची अदलाबदल झाली. धोबिणीच्या चित्राखाली ‘राजघराण्यातील विधवा’, विधवेखाली ‘धोबीण’. चार महिने कुणाला पत्ता नाही. लोक आधी पाटी वाचत, मग तिच्यात लिहिलेलं चित्रात शोधत, आणि सापडतही असे. पडदेवाल्यांनी कार्यालयात अर्ज दिला. तो ‘पाहिला’ असा शेरा घेऊन परत आला.

एके दिवशी संग्रहालयाच्या तज्ज्ञ बाई देणगीदारांना घेऊन आल्या. पडदेवाल्यांनी पडदा उचलला.

“या बोटांत बघा,” बाई म्हणाल्या, “सत्ता गेल्याचं दुःख कसं साठलंय.”

“वा! घराणं लपत नाही,” एक देणगीदार म्हणाले.

पडदेवाल्यांनी मनात चाळिसापर्यंत मोजलं.

“बाई, ती धोबीण आहे.”

“काय?”

“पाण्यात राहून बोटं सुजलीत, नखांच्या कडा खाल्ल्यासारख्या झाल्यात. माझ्या आईची अशीच होती. विधवा ती पलीकडची. तिने आयुष्यात रुमालसुद्धा पिळला नसेल.”

“अहो, बरोबर सांगतायत की हे!” देणगीदार खो खो हसले. ते हसले नसते तर कदाचित निभावलं असतं.

घरी बायकोने कपाळाला हात लावला. “दीड वर्ष तोंडाला कुलूप घालता आलं नाही?”

“अगं, जन्मभर कपडे धुतले तिने. आणि कौतुक कशाचं, तर घराण्याचं!”

“आणि तुमचे गुडघे?”

“ते दुखणारच. तिथेही दुखत होते.”

सोमवारी ते सामानघरात रुजू झाले. महिन्याभराने पाट्या जागच्या जागी गेल्या आणि संग्रहालयाच्या वार्षिक अंकात बाईंचा लेख आला: ‘नव्या संशोधनातून’ धोबिणीची ओळख पटली होती. नुसत्या बोटांवर दोन पानं होती. मी पिशवी ठेवायला सामानघरात पोचताच ती पानं पडदेवाल्यांनी काउंटरवर पसरून मला दाखवली.

“छान लिहिलंय हो बाईंनी,” ते अगदी मनापासून म्हणाले, आणि माझी पिशवी खालच्या फळीवर ठेवायला, एका हाताने काउंटर धरून, हळूहळू वाकले.