अण्णांचं विमान उतरत नव्हतं

"इथे राहायचं तर प्रत्येक वस्तूला अंगडं शिवावं लागेल," भिवंडीत राहायला आलो तेव्हा आई म्हणाली होती. शेजारीच लूमचे कारखाने, सुताची बारीक धूळ घरभर बसायची. आईने मिक्सरपासून टीव्हीपर्यंत सगळ्यांना कव्हरं शिवली.

मैत्रिणींनो, आई गेल्यापासून माझे वडील, अण्णा, दुपारी कॉम्प्युटरवर विमान उडवायचा गेम खेळतात. हल्ली विमान धावपट्टीजवळ आलं की कॉम्प्युटरच बंद पडायचा. आज म्हणाले, "माझाच हात चुकतोय. वय झालं. देऊन टाक कुणाला तरी."

मला ते ऐकवेना. गेम काढून पुन्हा टाकला, ड्रायव्हर अपडेट केले. तरी बंद पडलाच. शेवटी टेबलाखाली हात घातला, तर सीपीयू तव्यासारखा तापलेला आणि त्याच्यावर आईने शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर!

"अण्णा, चालू असतानाही काढत नाही तुम्ही?"

"धूळ जाईल ना आत."

"आणि त्याने श्वास कुठून घ्यायचा?"

कव्हर काढलं, पंख्यात अडकलेलं सूत ब्रशने झाडलं. विमान अलगद उतरलं.

"बघ, हात ठीक आहे माझा," अण्णा म्हणाले. चेहरा असा खुलला!

संध्याकाळी पाहते तर कव्हर पुन्हा जागेवर. रागवायला गेले आणि थांबले. बाकीची कव्हरं कधीच विरली. आईच्या हातचं रोज हाताला लागेल असं एवढंच उरलंय.

अण्णा, माझी ही पोस्ट तुम्ही वाचालच. ते कव्हर माझ्याकडे द्या, जिवापाड जपेन. नाहीच म्हणणार तुम्ही. तरी मागतेय.