नागवेकर सरांची शिफारसपत्रं

हरिश्चंद्र नागवेकर सरांकडे कुणी शिफारसपत्र मागायला आलं, की ते आधी हात धुवून यायचे. मग कपाटातला जाड पांढरा कागद, काळी शाई, आणि पाऊण तास घरात कुणी बोलायचं नाही. पत्र पुरं झालं की सर ते खणखणीत आवाजात वाचून दाखवायचे. समोरच्याला त्यातलं निम्मं कळायचं नाही, पण आपल्याबद्दल काहीतरी मोठं लिहिलंय एवढं कळायचं. पोरं वाकून पाया पडायची.

जयगडच्या रस्त्यावरच्या शाळेत सरांनी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. वडील मालवाहू बोटीवर खलाशी होते. साहेबाचा इंग्रजी हुकूम समजला नाही म्हणून एकदा त्यांनी सगळ्यांसमोर शिव्या खाल्ल्या होत्या, आणि ते त्यांनी घरी येऊन सांगितलं होतं. सर तेव्हा सातवीत होते. पुढे घरातले पहिले बी.ए. झाले ते इंग्रजी घेऊनच.

वर्गात ते कडक. "विशेषणाला त्याची जोडी असते," म्हणायचे. "फाँड आला की ऑफ आला. गुड आला की ॲट. माणसावर अँग्री असाल तर विथ. ज्याने जोडी मोडली, त्याला मी मोडीन." दहावीची पोरं हे घोकून घोकून पाठ करत. या जोड्यांमध्ये सरांची चूक काढणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. निवृत्तीनंतरही लोक त्यांच्याकडेच येत राहिले.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात शेजारच्या सानवीसाठी त्यांनी असंच एक पत्र लिहिलं. बंदराला माणसं पुरवणाऱ्या एका ठेकेदाराच्या ऑफिसात जागा निघाल्या होत्या. तिथे सरांची जुनी विद्यार्थिनी समीक्षा कामाला होती. आपणच नेऊन दिलं तर वजन पडेल, असं म्हणून सर स्वतः पाकीट घेऊन एसटीने जयगडला गेले.

समीक्षाने खुर्ची दिली, पाणी दिलं. पाकीट घेऊन टेबलावर ठेवलं. आत साहेबांच्या केबिनचं दार उघडं होतं आणि समोरच्या भिंतीवर कागद टाचायचा बोर्ड होता. सुट्ट्यांची यादी, कुणाच्या तरी वाढदिवसाचा फोटो, आणि त्यांच्या मधोमध सरांचं अक्षर. लांबूनही त्यांनी ते ओळखलं. एका ओळीखाली लाल शाईने दोनदा रेघ मारलेली होती.

सरांचा ऊर भरून आला. एका ऑफिसाने आपलं पत्र नमुना म्हणून लावून ठेवलंय, असंच त्यांना वाटलं. ते उठून दारापर्यंत गेले आणि साहेबांना म्हणाले, "नमस्कार. ते पत्र माझं आहे बरं का."

साहेब तरुण होते, बाहेरून बदलून आलेले. त्यांनी आधी बोर्डाकडे पाहिलं, मग सरांकडे. शेजारी बसलेला माणूस तोंडावर हात ठेवून खिडकीकडे वळला. साहेब म्हणाले, "अच्छा, तुम्ही का ते? या ना, बसा." आवाज गोड होता. फार गोड होता. सरांना काय ते कळलं नाही, पण पायाखालचं काहीतरी सरकलं एवढं जाणवलं. त्यांनी मागे वळून पाहिलं तर समीक्षा मान खाली घालून नुसतीच कागद सारखे करत होती.

बाहेर थांब्यावर ती त्यांच्यामागून आली.

"समीक्षा, ते पत्र तिथे कशाला लावलंय?"

"सर, राहू दे ना. मी आजच काढून टाकते."

"मी विचारतोय ते सांग."

ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "तुम्ही लिहिलंय, ही इज टू ऑनेस्ट अँड टू हार्डवर्किंग फॉर एनी पोस्ट."

"बरोबर आहे. कुठल्याही जागेसाठी फार प्रामाणिक, फार कष्टाळू."

"नाय सर. 'टू' म्हणजे फार नाय. 'टू' म्हणजे नको तेवढा. आणि पुढे 'फॉर' आला की…" तिचा आवाज बारीक झाला. "की त्याचा अर्थ होतो, हा इतका प्रामाणिक आहे की कुठल्याच जागेच्या उपयोगाचा नाय. साहेब ते सगळ्यांना वाचून दाखवतात."

सरांनी विचारलं, पत्र कुणाचं होतं? तिने सांगितलं, अनिलचं. केरू बुवांच्या अनिलचं, सरांच्याच जुन्या विद्यार्थ्याचं.

"त्याला घेतलं नाही?"

"सहा जागांना चाळीस अर्ज होते, सर. पत्रामुळेच असं नाय म्हणता यायचं."

पत्रामुळे नाही, असंही ती म्हणाली नाही. सरांनी सानवीचं पाकीट परत मागितलं. तिने ते आधीच पर्समध्ये घालून आणलं होतं. हे त्यांना सगळ्यात जास्त लागलं. पाकीट न उघडताच हिला ठाऊक होतं, आत काय लिहिलेलं असणार ते.

आता यातली जी गोष्ट सरांनी कुणालाच सांगितली नव्हती, ती अशी. त्या मे महिन्याच्या बारा वर्षं आधी शाळेत राजश्री नावाच्या नवीन बाई आल्या होत्या. त्यांनी एकदा शिक्षकांच्या खोलीत सरांचं पत्र वाचलं आणि हळूच म्हणाल्या, "सर, इथे 'व्हेरी' हवं. 'टू' आणि 'फॉर' असे जोडून आले की अर्थ उलटा होतो." खोलीत आणखी चौघे होते. सर म्हणाले, "बाई, तुम्ही जन्मला नव्हता तेव्हापासून मी ही भाषा शिकवतोय." चौघे हसले. राजश्री बाईंनी पुन्हा कधी त्यांना काही सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी सरांनी घरी शब्दकोश खाली काढला होता. 'टी'पर्यंत पानं उलटलीही होती. आणि मग मिटून परत ठेवला होता. पाहिलं असतं तर कळलं असतं, म्हणून पाहिलं नव्हतं. त्यानंतर बारा वर्षं ते तेच वाक्य लिहीत राहिले, प्रत्येक वेळी हात धुवून.

घरी आल्यावर आठवडाभर त्यांना जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं तर म्हणाले, उन्हाळा बाधला. डोळे मिटले की बोर्ड दिसायचा, त्यावरची लाल रेघ दिसायची, आणि दारात उभं राहून "ते पत्र माझं आहे" म्हणणारा स्वतःचा आवाज ऐकू यायचा. त्या आवाजातला अभिमान आठवला की ते खुर्चीतून उठून अंगणात जायचे.

आठव्या दिवशी ते अनिलकडे निघाले. निवळीला येऊन चिपळूणची गाडी, तिथून लोटे. अनिल तिथल्या एका केमिकल फॅक्टरीत कंत्राटी कामगार होता. सकाळची पाळी सुटायच्या वेळी सर कंपनीच्या बस कामगारांना आणून सोडतात तिथे उभे राहिले. अनिल उतरला, पिवळ्या डागांचे हात पुसत पुढे आला आणि पाया पडायला वाकला. सर मागे सरकले.

"नको. आधी ऐक माझं."

चहाच्या टपरीवर त्यांनी सगळं सांगितलं, राजश्री बाईंचं आणि शब्दकोशाचंसुद्धा. अनिल कप धरून ऐकत होता. मग म्हणाला, "मला ठाऊक हाय सर. मुलाखतीला त्यांनी ते माझ्याकडूनच मोठ्यानं वाचून घेतलं. मग अर्थ सांगितला आणि सगळे हसले."

"आणि तू मला बोलला नाहीस?"

"कसं बोलू? तुमी पाऊण तास बसून लिवलेलं."

"माझ्यामुळे तुझी नोकरी गेली असेल."

"असंल. नसंल पण." तो खोटं बोलला नाही, आणि त्याने दिलासाही दिला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "त्यांनी माझं हसं केलं त्याचं काय वाटलं नाय. तुमचं केलं त्याचं वाटलं. मी तिथं गप बसलो, त्याची माझीच मला लाज वाटली."

सरांना तिथे रडू आलं. टपरीवाला बघत होता, तरी त्यांनी ते लपवलं नाही.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा ते राजश्री बाईंना भेटायला गेले. शिक्षकांच्या खोलीत त्या वेळचे दोघे अजून होते. सर उभ्यानेच म्हणाले, "बाई, तुम्ही बरोबर होता. मला तेव्हाच संशय आला होता. तुमचं हसं करून मी तुम्हाला गप्प केलं. माफ करा."

बाई गडबडून उठल्या. "अहो सर, बसा तरी." मग म्हणाल्या, "वाईट वाटलं होतं मला. खरं सांगते, बरीच वर्षं." तेवढंच. त्यांनी "काही हरकत नाही" म्हटलं नाही, आणि सरांना ते योग्यच वाटलं.

सानवीचं पत्र बाईंनी तपासून दिलं. ती आता रत्नागिरीत एका दुकानात हिशेबाला आहे. समीक्षाने बोर्डावरचा कागद काढला, फाडला आणि तसं फोन करून कळवलं. अनिल लोट्यालाच आहे.

सर आता कुणाला शिफारसपत्र लिहून देत नाहीत. जुन्या वह्यांवरून आठवतील तेवढ्या मुलांची नावं त्यांनी काढली आणि ज्यांचे नंबर मिळाले त्यांना फोन केले. काहींनी पत्र कुठल्याच अर्जाला जोडलं नव्हतं. काहींना प्रश्नच समजला नाही. तिघांनी फोन उचलला नाही. अजूनही बाजारात कुणी मोठा झालेला विद्यार्थी भेटतो, हसून म्हणतो, "सर, तुमचं पत्र होतं माझ्याकडे!" सरांचा चेहरा उतरतो. हातातली पिशवी खाली ठेवून ते विचारतात, "कुठे दिलं होतंस ते? काय म्हणाले ते लोक?"