दीपमाळेचा तिसरा हात

नारायणगावच्या बाजारपेठेतून मी आंबेगाव तालुक्यातल्या नदीकाठच्या गावात नांदायला आले, तेव्हा देवळापुढच्या दगडी दीपमाळेचा मला एकच उपयोग कळला होता. तिला चहूबाजूंनी दगडी हात होते आणि त्यांवर गोधड्या छान वाळायच्या. बारावी पास सून होते मी. अकलेला तोटा नव्हता.

प्रत्येक हात एकेका घराचा. त्रिपुरी पौर्णिमेला ज्याने त्याने आपल्याच हातावर दिवा लावायचा. तो उजेड धरून डोंगरातली माणसं पूर्वी नदी ओलांडायला उतार शोधायची, असं म्हातारे सांगत. आमचा हात खालून तिसरा. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, लग्नापासून एक वर्ष चुकवलं नव्हतं.

नव्वदच्या दशकात धरण भरलं. गाव उठून वर माळावर गेलं. पुढच्या त्रिपुरीला पाण्याबाहेर दीपमाळेचा फक्त शेंडा उरला होता. आत्याबाई तेलाची बाटली घेऊन होडीत बसल्या, सोबत मी. शेंड्याजवळ होडी लागली आणि मी शहाणपणा केला.

"आत्याबाई, हे वरचे हात रिकामेच आहेत. लावा की कुठंही."

"तुज्या म्हायेरी दुसऱ्याच्या चुलीवर भाकरी थापत्यात व्हय? ह्यो शेटजींचा हात हाय."

दुकानदार शेटजी गाव उठलं तेव्हाच मंचरला राहायला गेले होते. मी हट्टाने पणती ठेवली. वाऱ्याने विझवली. तीनदा विझली.

होडीवाले मामा हसले. "बाई, पणती कशापायी? दगडाला वाटी कोरलीया, तिच्यातच तेल वता."

वाटीत तेल ओतलं, वात ठेवली, आणि ज्योत हलेना. वाटीची वाऱ्याकडची कड बोटभर उंच ठेवली होती. एवढ्या उंचीवर कुणी बसून वारा मोजला असेल? मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. आत्याबाई मात्र वातीला हात न लावता उरलेली बाटली घेऊन परतल्या.

मग रोजचं एकच. "पाणी किती उतरलं गं?" त्यांचे गुडघे गेलेले, दमही लागायचा. त्या जायच्या आधी पाणी उतरतंय का, एवढाच घोर मला.

वैशाखात उतरलं. गाळ तुडवत त्यांना धरून नेलं. दीपमाळ पायापासून शेंड्यापर्यंत उभी होती. आठ कोनी चौथरा, वर निमुळता होत गेलेला खांब, चुन्याचा ठिपका नाही. प्रत्येक हाताचा दगड बाहेर वीतभर आणि आत खांबात हातभर शिरलेला, म्हणून इतके महिने पाण्यात राहून एक चिरा हलला नव्हता. वर माळावरच्या आमच्या नव्या ओट्याला तेवढ्या महिन्यांत दोन भेगा गेल्या होत्या.

आत्याबाईंनी तिसऱ्या हाताच्या वाटीतला गाळ बोटाने काढला, पदराने पुसली, तेल ओतलं. वात पेटली तेव्हा दिवस कलत होता.

"आता शेटजींचा लाव," त्या म्हणाल्या.

"त्या दिवशी तर नको म्हणालात."

"तवा आपला लागला नव्हता. चढ."

हात फिरत्या जिन्यासारखे बसवलेत हे मला तेव्हा कळलं. काष्टा मारून चढले, अर्ध्यावर थांबून खाली बघितलं. आमची ज्योत गाळातल्या एका जोत्याकडे तोंड करून होती. ते आमच्या घराचं जोतं. वरचा हात शेटजींच्या जोत्याकडे. त्याच्या बाजूचा आणखी एका दाराकडे. कुठलाही हात उगाच कुठल्याही दिशेला नव्हता.

"दिसलं का?" खालून आवाज आला.

"दिसलं."

"मग लाव सगळ्यास्नी. तेल हाय तंवर."

बाटली संपेपर्यंत मी घरोघर दिवे लावत फिरले, एकाच खांबावर.